तळातली बारीक ओळ

नियतकालिकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, चष्मा पुसून वाचावी लागेल अशा बारीक टाइपात एक ओळ असते. मालक अमुक, मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. कथा-कवितांच्या ओढीने अंक उघडणारा वाचक तिच्याकडे सहसा वळत नाही. शैलीच्या दृष्टीने तिच्यात काहीच नाही. तरीही वृत्तपत्रीय लेखनाचे मोल ठरवायचे झाल्यास आम्ही पहिला मान याच ओळीला देऊ, कारण वर छापलेल्या मजकुराचा जाब कोणाला विचारायचा ते ती सांगते.

गेल्या दहा-बारा वर्षांत शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांत बातमी वाचण्याची रीत पार पालटली. बातमी आता हातातल्या फोनवर येते, आणि तिच्या तळाशी ती ओळ नसते. या नव्या लेखनप्रकाराचे गुणदोष तपासावेत, आणि मुद्रणस्वातंत्र्याशी व लोकशाहीच्या राजकारणाशी त्याचा संबंध कोठे लागतो ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ती ओळ आपल्याकडे सक्तीची झाली ती इंग्रज सरकारच्या १८६७ च्या कायद्याने. सरकारचा हेतू उदात्त नव्हता. १८५७ चा उठाव होऊन दहाच वर्षे लोटली होती आणि कोण काय छापतो यावर सरकारला नजर ठेवायची होती. नाव छापा, म्हणजे वेळ येताच धरता येईल, असा तो हिशेब होता. मराठी संपादकांनी मात्र या दाव्याचेच भूषण केले. १८८२ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर काही पत्रांच्या आधारे गंभीर आरोप केले. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही शिक्षा झालीच, आणि त्या दोघा तरुणांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. खोटी बातमी ही फोनबरोबर जन्मलेली गोष्ट नव्हे, हे या प्रसंगावरून ध्यानी यावे. तेव्हाही ती होती आणि सद्हेतूच्या माणसांच्या हातूनही ती छापली जाई. मात्र चूक उघड झाली तेव्हा जाब देण्यास दोन माणसे आपापल्या नावानिशी उभी राहिली. त्या तुरुंगवासाने त्यांची पत उणावली नाही, उलट वाढली.

जुन्या काळाचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अन्यायाचे होईल. नावाच्या त्या ओळीखाली आमच्या तालुक्यांच्या वाट्याला फार थोडे आले, हेही सांगितले पाहिजे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे भातसा झाले. मुंबईच्या नळांना पाणी पुरवणारे हे तालुके, पण उन्हाळा आला की येथील कातकरी, ठाकूर, वारली आणि महादेव कोळी यांचे पाडे टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईच्या वृत्तपत्रांत आमच्याकडील पाण्याची बातमी येई ती धरणाच्या पातळीची. पाड्यावरच्या हंड्याची क्वचितच. ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांची धाव बहुधा कल्याणपर्यंत. त्यापुढचा डोंगरी मुलूख मंत्र्यांच्या दौऱ्यापुरता दिसे.

तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती तर सर्वांस ठाऊक आहे. मानधन नावापुरते आणि पोट जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंकाची जाहिरात, सरपंचाच्या निवडीचे अभिनंदन, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याच्या शुभेच्छांचे अर्धे पान छापून घरचा किराणा भरायचा, त्याच्याच रस्त्याच्या ठेक्याविषयी पुढच्या आठवड्यात प्रश्न कसा विचारावा? मुद्रणस्वातंत्र्याचा गळा आवळण्यास आणीबाणीचा सेन्सॉर लागतोच असे नाही. वर्षाकाठी चार जाहिराती पुरतात.

अशा ठिकाणी फोन आला, आणि त्याने जे केले त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. रस्ता नाही म्हणून आजाऱ्याला झोळीत घालून डोंगर उतरवणारी माणसे, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरणारी बाई, ही दृश्ये पाड्यावरच्याच एखाद्या मुलाने टिपली आणि ती तासाभरात जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली. त्यासाठी कोणा मालकाची परवानगी लागली नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता गर्डर बसवणारे अजस्त्र यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. उजाडता उजाडता ती बातमी घरोघरच्या फोनवर होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी जो आदेश प्रसिद्ध केला त्यात माहिती मिळण्याचा माणसाचा हक्क मान्य केलेला आहे. तो हक्क पाड्यापर्यंत नेण्याचे काम छापील पत्रांपेक्षा या लहानशा यंत्राने अधिक केले, असे म्हणणे भाग आहे.

पण येथेच पहिला दोषही दिसतो. फोनवरच्या बातमीला दुसरा दिवस नसतो. पुढे काय झाले, चौकशीत काय निघाले, मेलेल्यांच्या घरी काय पोहोचले, हे विचारणारा तिच्यामागे कोणी उभा नसतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला तेव्हा बोगद्यांच्या आणि उंच पुलांच्या देखण्या चित्रफितींनी फोन भरून गेले. आमच्यापर्यंत आलेल्या चित्रफितींत ते वीस जण कोठे दिसले नाहीत.

आता प्रत्यक्ष त्या लेखनाकडे वळू. कोणताही मजकूर हाती आला की समीक्षकाने त्यास साधे प्रश्न विचारावयाचे असतात. कोण बोलतो? कोणाशी? कोठून? केव्हा? पुढे पाठवलेला संदेश यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि ही त्याची उणीव नसून त्याची रचनाच आहे. त्यात ‘काल’ असतो, पण तारीख नसते. म्हणून तो काल कधी शिळा होत नाही. त्यात ‘आपल्या तालुक्यात’ असे शब्द असतात, पण गावाचे नाव नसते. म्हणून प्रत्येक तालुक्यास तो आपला वाटतो. शेवटी आज्ञार्थ येतो: सर्वांना कळवा, सर्व ग्रुपवर पाठवा. आणि विचारलेच कोणी, तर उत्तर तयार असते: जसे आले तसे पाठवले. या चार शब्दांत लेखकही सुटतो, पाठवणाराही सुटतो आणि वाचणारा पुढच्या क्षणी स्वतःच पाठवणारा होऊन तोही सुटतो.

२०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा देशभर पसरली, तेव्हा एक चित्रफीत फार फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. ती मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत तेच लोक मूल परत आणून सोडतात आणि खुलाशाची पाटी दाखवतात. फिरवणाऱ्याने शेवटचा तेवढाच भाग कापला. कापला गेला तो खुलासा, म्हणजे त्या चित्रफितीची तळातली ओळच. बाकी सारे खरे होते. एक ओळ काढली, आणि मुलांना जपण्यासाठी केलेली कलाकृती माणसे मारणारी झाली.

याच्या जोडीला आम्ही संत लूककृत शुभवर्तमानाचा आरंभ ठेवू इच्छितो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून हे आले, मी सारे मुळापासून तपासले, क्रमवार लिहिले, आणि थियफिल, तुझ्यासाठी लिहिले, अशा आशयाची प्रस्तावना लूकने केली आहे. साऱ्या जगास सांगण्याची वार्ता हाती असतानाही, ती आपणांस कशी कळली हे आधी सांगावे असे त्यास वाटले. शुभवर्तमानास जे बंधन वाटले नाही, ते पाण्याच्या टँकरच्या किंवा उमेदवाराच्या बातमीस जड का व्हावे?

हा केवळ वाङ्मयीन शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्याच परिसरातील काही घटना एकापुढे एक मांडून पाहाव्यात.

पालघर तालुका ठाणे जिल्ह्यातच होता तेव्हाची, नोव्हेंबर २०१२ ची गोष्ट. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई व आसपासचा परिसर बंद होता. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. दुसरीने त्यास पसंती दर्शवली. दोघींनी हे आपापल्या नावाने केले. दोघींनाही अटक झाली, आणि लिहिणारीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. देशभर टीका झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे तो खटला बंद करण्यात आला. ज्या कलमाचा तेथे वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. आठवडे बाजाराच्या दिवशी आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर व मुले पळवणारे आल्याच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावाने जीव घेतला. त्यानंतर अफवांची दुसरी लाट आली. काही संदेशांनी मुसलमानांकडे बोट दाखवले, काहींनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांच्या नावांची यादी प्रसिद्ध करून, त्यांत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले.

आणि ६ फेब्रुवारी २०२३. कोकणात राजापूर येथील पत्रकार शशिकांत वारिशे यांची, बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या बाजूने वावरणाऱ्या एका जमीन दलालाविषयीची बातमी त्या दिवशी छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमीतील त्याच दलालाला या प्रकरणी खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ सालीच संमत केले होते.

या घटना अशा ओळीने वाचल्या की एक भयंकर सूत्र हाती लागते. ज्यांनी नावानिशी लिहिले, त्यांच्या दारी पोलीस पोहोचले किंवा मोटार पोहोचली, आणि तेही दिवसा-दोन दिवसांत. ज्या संदेशांनी माणसे मारली, त्यांच्यापुढे कोणाला जाता आले? मारणारे हात पकडले गेले. पण पहिले वाक्य ज्याने रचले त्याचे नाव आज आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. नाव असणे हाच अपराध आणि नाव नसणे हेच अभयपत्र, असा नियम समाजात रूढ झाला तर शहाणा माणूस काय शिकेल? तो नाव टाकून देईल. आम्हांस मुद्रणस्वातंत्र्याचा खरा ऱ्हास येथे दिसतो. बंदी घालणारा हुकूम न निघताही वृत्तपत्र मरू शकते. त्यासाठी सही करणारा हात दुबळा आणि सही न करणारा हात बलवान व्हावा लागतो.

राजकारणास ही स्थिती फार सोयीची असते. कल्याण–मुरबाड रेल्वेची मागणी कित्येक दशकांची आहे. समजा, एखाद्या घोषणेची जुनी चित्रफीत तारखेविना निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा फिरली, तर घोषणा नवी होते आणि विलंब नाहीसा होतो. वचन कोणी, केव्हा दिले हे सांगणारी ओळच नसेल, तर वचनभंगाचा जाब मतदार कोणास विचारणार?

यावर शासनच उपाय सुचवते: खरे-खोटे आम्ही ठरवू. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून, आपल्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा ते ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षास देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे जानेवारी २०२४ मध्ये त्यावर मतभेद झाले, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरली. न्यायालयाने ठीकच केले. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच ती तपासावी, ही संपादनाची रीत नव्हे. व्हॉट्सॲप कंपनीने जुलै २०१८ मध्ये, भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग थोडा उतरला असेल. निनावीपण उतरले नाही.

कॅथलिक वाचकांस फिलिपीन्सचा दाखला जवळचा वाटेल. फेब्रुवारी १९८६ मध्ये हुकूमशहा मार्कोस यांच्याविरुद्ध बंड झाले तेव्हा मनिलाचे कार्डिनल हायमे सिन यांनी रेडिओ व्हेरितास या कॅथलिक आकाशवाणीवरून लोकांस रस्त्यावर येण्याचे आवाहन केले. सरकारच्या माणसांनी ते प्रक्षेपण केंद्र मोडून टाकले, पण लाखो लोक रणगाड्यांसमोर शांतपणे उभे राहिले. आवाज कोणाचा आहे हे त्यांस ठाऊक होते. पुढे त्याच देशात फेसबुकवर पैसे देऊन चालवलेल्या खोट्या खात्यांचा सुळसुळाट झाला. तो २०१६ साली उघड करणाऱ्या ‘रॅपलर’ या वृत्तसंस्थेच्या संपादिका मारिया रेसा यांना जून २०२० मध्ये सायबर बदनामीच्या खटल्यात दोषी ठरवण्यात आले. २०२१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ साली त्या हुकूमशहाचाच मुलगा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. वडिलांचा काळ सुवर्णकाळ होता असे सांगणारा मजकूर त्याआधी कित्येक वर्षे समाजमाध्यमांतून वाहत होता. तेथेही सही करणारी न्यायालयात उभी राहिली आणि खोटी खाती मोकळी राहिली.

एक आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. नाव देणे प्रत्येकास परवडते काय? वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेला कातकरी मजूर नावानिशी तक्रार लिहील, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय होईल? आणि लपून केलेल्या प्रचाराचा वारसा तर आमच्या मातीतच आहे. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवत होते. याच लढ्यातील भूमिगत वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर धारातीर्थी पडले. निनावीपणा सरसकट निंद्य कसा म्हणावा?

आक्षेप खरा आहे, आणि त्याच्या उत्तरातच संपादक या पदाचा अर्थ सापडतो. नाव झाकणे वेगळे आणि नाव नसणे वेगळे. भूमिगतांनी आपली नावे परकीय पोलिसांपासून झाकली. आपल्या कृत्याचा जाब त्यांनी प्राण देऊन दिला. वृत्तपत्र जेव्हा मजुराचे नाव न छापता त्याची तक्रार छापते, तेव्हा ते नाव संपादकास ठाऊक असते, त्याने तक्रारीची शहानिशा केलेली असते, आणि मालक संतापून आला तर तळातल्या ओळीत संपादकाचेच नाव त्यास भेटते. दुबळ्याचे नाव झाकून आपले नाव पुढे करणे, हा संपादकाचा धर्म. पुढे पाठवलेल्या संदेशाची रीत याच्या नेमकी उलट असते: स्वतःचे नाव झाकायचे आणि दुसऱ्याचे, बहुधा दुबळ्याचेच, नाव पुढे करायचे.

आता आपल्या घराकडे पाहू. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या निवडणुकीत ट्रम्प यांना पाठिंबा दिल्याची बातमी जगभर फिरली; ती धादांत खोटी होती. मार्च २०२३ मध्ये त्यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील छायाचित्र आले. ते यंत्राने रचलेले होते. २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश दिवंगत पोपमहोदयांनी खोट्या बातम्यांवरच दिला, आणि एदेन बागेतल्या सर्पाकडे त्यांनी पहिल्या खोट्या वार्ताहराच्या नात्याने पाहिले. सर्प धादांत खोटे बोलला नाही. त्याने खऱ्यातले थोडे कापले. गडचिंचलेनंतर मिशनऱ्यांवर निनावी आळ आला तेव्हा आपण व्यथित झालो, आणि ते योग्यच होते. पण धर्मग्रामाच्या ग्रुपवर दुसऱ्या समाजाविषयी असाच निनावी मजकूर येतो तेव्हा आपला अंगठा किती वेळ थांबतो? आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. ज्याने ती साक्ष रचली त्याच्यापुरती ती आहे आणि ज्याने वाटली त्यास ती लागू नाही, अशी पळवाट आमच्या तरी वाचनात नाही.

म्हणून दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ग्रुपवर काही पाठवताना वर आपण एक वाक्य लिहावे: हे मला कोणाकडून कळले, ते कोठले, केव्हाचे. लिहिता आले नाही तर ते पाठवू नये. आणि तालुक्याचे जे पत्र अथवा वाहिनी नावानिशी बातमी देते, तिची वर्गणी भरावी. वाचकाने दिलेले शंभर रुपये वाढदिवसाच्या जाहिरातीपेक्षा संपादकाच्या हातास अधिक बळ देतात. सही करणाऱ्यावर संकट आले तर त्याच्या घरी जाऊन बसावे. ज्याच्या मागे माणसे उभी आहेत असे दिसते, त्यास एकटे गाठणे कठीण जाते.

हा अंक मिटण्यापूर्वी वाचकांनी शेवटचे पान उलटून तळाची ओळ एकदा वाचावी. आम्ही वर जे लिहिले त्यात चूक असेल, तर ती कोणास सांगायची ते तेथे छापले आहे.